चांदीचा हात आणि गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा हात आहे. हात म्हणजे काय, तर वीतभर दांडी, टोकाला इवलीशी मूठ आणि तिच्यातून पुढे आलेलं एक बोट. सोनाराने मला घडवलं तेव्हा त्याची बायको म्हणाली, "कोणाला दटावायला केलंत हे?"

दटावायला नाही हो. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दर शनिवारी तोराह या धर्मग्रंथाच्या चामड्याच्या गुंडाळीतला त्या आठवड्याचा भाग वाचतात. त्या चामड्याला उघड्या हाताने शिवायचं नसतं. म्हणून ओळीवरून मी चालतो, मागून वाचणारा येतो.

माझं आयुष्य गेलं एका शिंप्याच्या मुठीत. काय आवाज होता त्याचा! लोक वाखाणायचे, अन् मीही आपला चमकून घ्यायचो. पुढे त्याची नजर गेली. सुईत दोरा बायको ओवायला लागली, पण वाचन त्याने सोडलं नाही. सगळं तोंडपाठ. तोंड एकीकडे, मी भलत्याच ओळीवर. आता, पाठ म्हणणं चालत नाही, बघूनच वाचावं लागतं. हे त्यालाही ठाऊक होतं. मला पुसताना बायकोला म्हणायचा, "हा हातातून गेला की मला तिथे कोण विचारतंय?" ती म्हणायची, "मी विचारते ना, ते काय कमी आहे?"

मग तो शनिवार आला. भाग असा, की ज्यूंचा पुढारी मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय. त्याचे सासरे येऊन सांगतात, बाबा रे, एकट्याने ओढू नकोस, थकशील, जोडीला माणसं घे. माझ्या म्हाताऱ्या शिंप्याने नेमकं तेच गाळलं. चूक झाली की तिथल्या तिथे मोठ्याने सांगायची, ही रीत. पण मान राखून सगळे गप्प. शेवटी शेजारी उभा असलेला त्याचा जावई, घड्याळं दुरुस्त करणारा, हळूच म्हणाला, "मामा, एक ओळ राहिली."

म्हाताऱ्याने मला गुंडाळीवरून उचललं. "मला दिसत नाही रे," तो म्हणाला. मला टेबलावर ठेवून दाराकडे निघालासुद्धा.

मागच्या बाकावरून बेकरीवाला गुरकावला, "कुठे चाललास? दहा माणसं असल्याशिवाय गुंडाळी वाचता येत नाही, अन् आज आपण मोजून दहा. तू गेलास की सगळंच बंद. ये मागे."

म्हातारा दाराशीच थबकला. मग खुदकन हसला. परत आला अन् मला जावयाच्या हातात दिलं. "त्याच ओळीपासून वाच. मी कान लावून उभा आहे. चुकलास तर सोडायचो नाही."

जावई चुकलाच. म्हातारा असा खणखणीत ओरडला, की सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्याचे खांदे किती वर्षांनी सैल झालेले पाहिले मी.

अजूनही मला पुसायला तोच घेतो, चाचपत चाचपत. मित्रांनो, मला फार घासू नका, बोट झिजतं. आणि तुमच्यातलं कोणी थकलं, तर त्याच्या हातातलं काम खुशाल घ्या. फक्त त्याला दाराबाहेर जाऊ देऊ नका.