दाब कुठे जातो

"बंद कर! बॅटरी मारशील आता," योरुन ओरडली.

आस्लॉगने किल्ली सोडली. गाडी थोडी खोकली आणि गप्प झाली. बेटांवरच्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी नर्स ती. तिची गाडी सकाळी कुरकुरत का होईना सुरू व्हायची; पण एखाद्या घरी अर्धा तास थांबली की मग ढिम्म. काल एका पेशंटच्या जावयाने तिला फेरीबोटीपर्यंत सोडलं होतं.

"पेट्रोलच्या टाकीत नवा पंप टाकला तरी तेच," योरुन वैतागली. "पंपच खराब आला असणार. परत टाकी उतरवावी लागणार. नाहीतर सरळ भंगारात घाल हिला."

"भंगारात घाल म्हणे! आणि उद्या मी काय पोहत जाऊ?"

शेगडीपाशी बसलेला ओडमुंड उठला. गॅरेज त्याचंच. हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात अधू आणि शब्द वाट चुकलेले. मीठ हवं असलं तर तोंडातून खिडकी निघे. लोक त्याची वाक्यं घाईघाईने पुरी करून देत. ते सोसेना म्हणून त्याने बोलणंच टाकलं होतं. लेक योरुन त्याला रोज सोबत आणायची, कॉफी हातात द्यायची आणि कामाला लागायची.

"घड्याळ," तो म्हणाला.

"जेवायला अवकाश आहे अजून, बाबा."

त्याने मान हलवली, खण ओढला आणि दाब मोजायचा, गोल तबकडीचा गेज बाहेर काढला.

"अरे, हे होय!" योरुनने तो इंजिनाच्या पेट्रोलच्या नळीला जोडला. आस्लॉगने किल्ली फिरवली. पंप घुरघुरला, काटा वर चढला. किल्ली बंद करताच तो घसरला आणि तळाला गेला.

"बघ! पंप दाब धरतच नाही."

"नाही." हा शब्द मात्र साफ आला. ओडमुंडने इंजिनाकडून टाकीकडे परतणाऱ्या नळीवर बोट ठेवलं. "दार... दार लाव."

योरुन गॅरेजच्या दाराकडे निघाली. "थंडी वाजतेय का रे?"

ओडमुंडचा चेहरा लालबुंद झाला. त्याने नळीवर चापट मारली. "इथलं!"

ती थांबली. नळीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "परतीची नळी बंद करू म्हणतोस?"

त्याने सुस्कारा सोडला आणि डाव्या हातात चिमटा घेतला. किल्ली फिरली, काटा चढला, चिमटा निसटला. पुन्हा निसटला. योरुन पुढे झाली तशी त्याने अशी नजर टाकली की ती मागे सरली. तिसऱ्यांदा चिमटा नळीत रुतला. किल्ली बंद झाली.

काटा हलला नाही. तिघंही बघत राहिली. तो हललाच नाही.

"म्हणजे पंप ठणठणीत आहे," योरुन हळूच म्हणाली. "दाब परतीच्या वाटेने पळतोय. तो अडवायचा कुणी? रेग्युलेटरने!"

ओडमुंडने रेग्युलेटरच्या डोक्यावरची बारीक रबरी नळी उपसून तिच्या नाकाशी धरली. जिथे फक्त हवा असायची, तिथून पेट्रोल ठिबकत होतं.

"आतला पडदा फाटलाय!" योरुन म्हणाली. "त्यातून इंजिनात पेट्रोल गळतंय, म्हणून ते भिजून बसतं."

"टाकी... उतरवायची... कशाला?" ओडमुंड म्हणाला.

योरुन बघतच राहिली. "बाबा, तू मला टोमणा मारलास?"

"मारला."

आस्लॉग हसता हसता बॉनेटवर रेलली. योरुनने मात्र पाठ फिरवून बाहीने डोळे पुसले.

दुपारच्या बोटीने नवा रेग्युलेटर आला. तो बसवून इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं आणि तिघांनी निवांत पाव-चीज खाल्लं. मग आस्लॉग गाडीत बसली. किल्लीला हात लागतो न लागतो तोच इंजिन सुरू झालं. तिने असा हॉर्न वाजवला की धक्क्यावरचे सीगल उडाले. उतरून तिने ओडमुंडच्या दोन्ही गालांचा मुका घेतला आणि पेशंटकडे निघून गेली.

धूर विरतो न विरतो तोच ट्रिग्वे नावाचा कोळी आपला पिकअप घेऊन आला. "योरुन, चढावर दमच नाही गं हिच्यात!"

योरुन बेसिनपाशी हात धूत होती. ती वळलीसुद्धा नाही. "मला काय सांगतोस? बाबांना सांग."

ट्रिग्वे ओडमुंडकडे वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा, मोठ्याने, एकेक शब्द तोडत सांगू लागला. ओडमुंडने त्याचं सगळं बोलणं संपू दिलं. मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि डाव्या हाताने पिकअपचं बॉनेट उचललं.