बुटांच्या डब्यांतली पिल्लं

माझ्याकडची सापांची घरं बघायला लोक मुद्दाम वाकडी वाट करून यायचे. अक्रोडाच्या लाकडाची चौकट, पुढे काच, आत खरी फांदी. सगळी माझ्या नवऱ्याच्या हातची, तो होता तेव्हाची. आमच्या सेडेलिया गावातल्या सापवाल्यांच्या मंडळात घर बघावं तर व्हर्नाचं, असं म्हणायचे. जोलीन येईपर्यंत म्हणायचे.

जोलीन दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलते. साप पाळायला लागून तिला जेमतेम तीन वर्षं झालीत. आणि बाईसाहेबांनी पिल्लांना घरं काय दिली, तर बूट ठेवायचे प्लास्टिकचे डबे! तापलेल्या सळईने बाजूंना भोकं पाडलेली, तळाला टिश्यू पेपर, लपायला टॉयलेट पेपरची रिकामी नळी, पाण्याला बाटलीचं झाकण. फळीवर ओळीने डबे आणि मागच्या कडेला खालून तापणारी पट्टी. एका पिझ्झाच्या पैशात अख्खं घर. तिने मंडळात हे सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं, बाकीचे मात्र लिहून घेत बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, खोटं कशाला बोलू.

त्यातच माझ्या म्हाताऱ्या हेझलने, माझ्या नारिंगी कॉर्न स्नेकने, शेवटची अंडी घातली. जगलं एकच पिल्लू, पेन्सिलीपेक्षा बारीक. सात आठवडे त्याने कशाला तोंड लावलं नाही. शेवटी नाक मुठीत धरून मी ते जोलीनकडे नेलं. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या काचेत ते घाबरतंय गं, त्याला चारी बाजूंनी भिंत लागते, थोडे दिवस ठेव इथे. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, खाल्लं म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. मी फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी आपटली.

महिनाभराने शनिवारी दुपारी पिल्लू आणायला गेले. मला डब्यांसमोरच्या खुर्चीत बसवून जोलीन कॉफी करायला गेली. माझं पिल्लू तिसऱ्या डब्यात होतं, चांगलं बाळसं धरलेलं. ते बघूनसुद्धा पोटात दुखलंच.

मग मला ती वायर दिसली. उष्णता मोजणाऱ्या वायरचं टोक पट्टीला चिकटवून ठेवतात. इथे चिकटपट्टी सुटून टोक खाली गार फरशीवर पडलं होतं. पट्टी चालू-बंद करणाऱ्या यंत्राला वाटत होतं सगळं गारच आहे, म्हणून ते पट्टी तापवतच सुटलं होतं. अकराच्या अकरा डब्यांतली पिल्लं पुढच्या भिंतीला नाक लावून बसली होती.

उठायचं आणि प्लग काढायचा, एवढंच तर काम. मी उठले नाही. होऊ दे, म्हटलं. कळू दे एकदा सगळ्यांना बुटांच्या डब्यांची अक्कल. मंडळात काय बोलायचं, कुठल्या सुरात हळहळायचं, तेही ठरवून टाकलं. माझं पिल्लूही त्यातच होतं, हे दिसत असूनही. आत कॉफी उकळली, गाळली, साखर कुठे ठेवलीय ते शोधून झालं, तरी मी बसूनच. मग माझ्या पिल्लाने भोकाशी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. तेव्हा मी धावले.

जोलीन आली तेव्हा प्लग माझ्या हातात होता. तिने डब्याखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. फरशीवरची वायर बघितली. मग एकेक डबा भराभर खाली गार फरशीवर ठेवला. सगळी हलत होती. ती मला मिठी मारून रडली.

"व्हर्ना, तू होतीस म्हणून वाचली गं. सोमवारी मंडळात सगळ्यांना सांगणार आहे मी."

एवढं म्हणून ती माझ्या पिल्लाचा डबा घेऊन प्रवासासाठी झाकणाला चिकटपट्टी लावायला लागली. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण मंडळात तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकायचं, हे मला झेपेना.

"मी बसल्या बसल्याच बघितलं होतं," मी म्हटलं. "तू कॉफी टाकायच्या आधी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीकडे. चिकटपट्टी सावकाश सोडवली, पिल्लू घाबरणार नाही अशी. डबा उचलून आपल्या बाकीच्या दहांच्या शेजारी ठेवला.

"हे इथंच राहील," ती म्हणाली.

मी रिकाम्या हातानेच घराकडे निघाले.