मास्तरांच्या घरची बाटली

टिंग.

दुपारचं घर शांत होतं. अंबादास मास्तर शाळेत गेले होते आणि त्यांच्या पत्नी, चंद्रप्रभाबाई, कोनाड्यापुढं उभ्या राहून आरशात आ करून गालाची आतली बाजू बघत होत्या. आरसा उजेडाकडं वळवताना त्यांची काचेची बांगडी माझ्या अंगाला लागली. काचेवर काच आपटली, पण आम्हा दोघींनाही तडा गेला नाही. बाईंचे डोळे मात्र भरून आले. लेकीची चाहूल लागताच त्यांनी आरसा पालथा घातला.

मित्रांनो, कोनाड्यातली ती बाटली म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या खांद्याचा एक टवका उडाला आहे आणि बूचही मूळचं राहिलेलं नाही. तरी माझी गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात मोगऱ्याचं तेल भरलं होतं. चंद्रप्रभाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं मला रुखवतात मांडलं होतं. तेल कधीच संपलं, पण बाईंनी मला टाकलं नाही. अधूनमधून त्या बूच काढून नुसता वास घ्यायच्या. माहेराचा वास होता तो. पुढं घरात आजारपणं आली तेव्हा राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन त्यांनी मला औषधाची बाटली केलं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, नवा महाराष्ट्र झाला होता, पण दवाखान्यात जायचं तर बाटली अजून आपापल्या घरचीच न्यावी लागे.

आमच्या कळंबात एक रीत पडून गेली होती. आजारी माणूस एकदा डॉक्टरांना दाखवून येई. त्यानंतर दवाखान्यात जाई ती फक्त बाटली. कुणाच्याही हाती रिकामी बाटली पाठवायची, ‘मागचंच द्या’ म्हणून निरोप द्यायचा, की बाटली भरून परत. खिडकीत बसणारी मदिनाबी बाटल्या ओळीनं मांडायची, कंपाउंडर गुरुलिंग त्या भरायचे. कुणाची बाटली कोणती हे मदिनाबी न विचारता सांगायची. डॉक्टरांना तिचं कौतुक होतं, गावालाही होतं. मलाही होतं. मी पोचले की ती म्हणायची, “आली का मास्तरांची नवरी?”

चंद्रप्रभाबाईंच्या बाबतीत तर तेवढंही झालं नाही. सकाळी मिश्री लावताना गालात झोंबू लागलं, तेव्हा मास्तरांनी बाजारात भेटलेल्या डॉक्टर दत्तोपंतांना सांगितलं, की घरी तोंड आलंय. डॉक्टरांनी गुळण्यांचं गुलाबी औषध सांगितलं. ते तोंड कुणी पाहिलंच नाही. त्यांची लेक, छोटी शामला, मला फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेऊ-आणू लागली. वाटेत ती माझ्याशी गाणी म्हणायची. रस्ता ओलांडताना मला पोटाशी धरायची.

संक्रांत झाली, शिमगा झाला. मी भरत होते आणि रिती होत होते. बाईंना भाकरी चावेना, त्या दुधात कुस्करून खाऊ लागल्या. मास्तर म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या. बाई म्हणाल्या, येरमाळ्याची यात्रा होऊ द्या, येडाईला जाऊन येऊ, मग बघू. परक्या पुरुषापुढं आ करून बसायचं त्यांना जिवावर यायचं. आणि त्याहून, तो काय सांगेल याची भीती वाटायची. ती भीती त्या फक्त आरशाला सांगत. आरशाला आणि मला.

यात्रा झाल्यानंतरची गोष्ट. शामला मला खिडकीत ठेवून शाळेत गेली होती. डॉक्टर आदल्या दिवशीच सोलापुराहून, मोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकून आले होते. पेशंट संपल्यावर त्यांनी दार लोटलं आणि आपल्या दोन्ही माणसांना बाकावर बसवलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गुरुलिंगांना वाटलं, आता बोलणी बसणार.

डॉक्टर कॅन्सरबद्दल बोलू लागले. गुरुलिंगांनी हळूच म्हटलं, की त्याचं नाव घरात घेऊ नये. डॉक्टर म्हणाले, नाव घेतल्यानं तो येत नाही आणि शिवल्यानं लागत नाही, न बोलल्यानं मात्र वाढतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला चट्टा, न दुखणारी गाठ, बसलेला आवाज, नको तिथून जाणारं रक्त, हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. मग म्हणाले, “रोग ओळखणं तुमचं काम नाही, ते माझं. पण लोक माझ्याआधी तुमच्याशी बोलतात. असं काही कानावर आलं, की बाटली अडवायची आणि माणूस बोलवायचं.”

गुरुलिंग हसून म्हणाले, “म्हंजे मदिनाबी आता डॉक्टरीण झाल्या म्हणायच्या.”

मदिनाबी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. तिनं मला उचललं आणि म्हणाली, “साहेब, ही मास्तरांच्या घरची. संक्रांतीपासून येतीय. त्या बाईचं तोंड कुणी बघितलंय का?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ तो पुसतच राहिले.

संध्याकाळी शामला आली. मदिनाबीनं मला पाठीमागं ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी कठोर आवाजात बोलली. “आज बाटली मिळायची न्हाय. आईला म्हणावं, तूच ये.” पोरीचं तोंड एवढंसं झालं. रिकामं फडकं मुठीत धरून ती गेली. माझा जीव तुटला, पण बाटलीला कुठं पाय असतात?

वाटलं, बाई दुसऱ्या दिवशी येतील. त्या आल्या नाहीत. बाटली ठेवून घ्या, असा निरोप आला. शेवटी मदिनाबी मला ओढणीखाली घेऊन मास्तरांच्या घरी गेली. बाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. मदिनाबी उंबऱ्याशीच टेकली. डॉक्टरला दाखवू नकोस, म्हणाली, आधी मला दाखव, मी बी बाईमाणूस हाय. किती तरी वेळानं बाईंनी तोंड उघडलं. ते पुरतं उघडतच नव्हतं. मदिनाबीनं आत पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “चल. मी हात धरते.”

त्या दिवशी दवाखान्यात बाई आणि बाटली एकदमच आल्या. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. निघताना बाईंनी मला मदिनाबीच्या हाती दिलं. परत आले की नेईन, म्हणाल्या. शब्द नीट उमटत नव्हते.

मित्रांनो, मी खिडकीत वाट बघत राहिले. पुढं मदिनाबीनं कितीतरी बाटल्या अडवल्या. लोक तिला तुसडी म्हणू लागले. पण बाटल्यांमागून माणसं येऊ लागली, आणि त्यांतली काही बरी होऊन बाजारात दिसू लागली. तुमच्या घरात कुणाच्या तोंडातली जखम भरून येत नसेल, कुणी आरसा पालथा घालत असेल, तर त्यांच्यासाठी नुसतं औषध आणू नका. त्यांचा हात धरून त्यांनाच न्या. माझ्यासारख्या बाटलीत औषध मावतं, दुखणं मावत नाही.

पावसाळा संपता संपता मास्तर मुंबईहून एकटेच परतले.

काही दिवसांनी शामला दवाखान्यात आली. तेच फडकं तिच्या हातात होतं. मदिनाबीनं मला धुऊन पुसून तिच्यापुढं धरलं. पोरीनं बूच काढून वास घेतला. मोगरा आता कुठला यायला? तिनं मला फडक्यात गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि मान वर करून विचारलं,

“मावशी, त्या दिवशी तू माझ्यावर रागावलीस ना, तशी मी पहिल्यांदा आले तेव्हाच का नाही रागावलीस?”