बऱ्या झालेल्या मुलीचं दर्शन

पंचवटीत गंगाधर गुरुजींकडे यजमान दोन कामांसाठी येत: पितरांचं कार्य उरकायला, आणि गुरुजींची लेक बघायला.

शहाण्णव साली उत्तराला रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला धाकट्या भावाची, मयुरेशची, अस्थिमज्जा दिली आणि पोरगी वाचली. पाच वर्षं उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता रोग उलटायची भीती नाही. पण दरवर्षी दाखवत राहा." गुरुजींनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. गंगेत घोडं न्हालं म्हणाले आणि मुंबईच्या खेपा बंद केल्या.

त्यालाही आता सहा वर्षं झाली. कुणा यजमानाच्या घरी हे दुखणं निघालं, की गुरुजी त्याला रामकुंडावरून थेट घरी आणत. "बघा, ही आमची उत्तरा!" उत्तरा हसून चहा ठेवी आणि आत जाऊन ओट्याला धरून धापा टाकी. एकदा आईजवळ बोलली, तर आई म्हणाली, "भावानं हाडातलं काढून दिलं, आणि तू रडगाणं गातेस?" त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. राग फार यायचा. पण जगल्याचा राग काढायचा तरी कुणावर?

परवा चांदवडकडची भागीबाई आली. तिच्या नातीला हाच रोग, आणि नातवाची मज्जा जुळलेली. गुरुजी बोलत होते, पण म्हातारीचं सगळं लक्ष उत्तराच्या श्वासाकडे.

"पोरी, तू खरं सांग. बरी हाय ना?"

उत्तराने बापाकडे पाहिलं. आज गप्प बसले तर त्या पोरीच्याही नशिबी हेच, एवढं तिला कळलं.

"रोग गेला, आजी. नातीचं जरूर करा. पण मला आता जिना चढवत नाही, डोळे कोरडे पडतात, घास पाण्याशिवाय उतरत नाही. दुसऱ्याची मज्जा कधीकधी आपल्याच शरीराशी वर्षानुवर्षं भांडत राहते. तपासण्या सोडू नका. आम्ही सोडल्या."

भागीबाई गुरुजींकडे वळली. "मंग हिला कधी नेता दाखवायला?"

"हिला?" गुरुजी मनापासून हसले. "अहो, ही तर बरी झालेली! जरा घाबरट आहे, एवढंच." मग लेकीला म्हणाले, "उत्तरा, रविवारी कळवणची माणसं येणार आहेत, त्यांच्याकडेही हेच दुखणं निघालंय. ती डाळिंबी साडी नेस, चेहरा खुलतो तुझा."