पॉलिशचा वास

"अरे, उघड की बाटली! नाग आहे का आत?" मिस्त्री ओरडला.

पॉलिशवाला स्पिरिटच्या बाटलीच्या बुचावर हात ठेवून नुसता उभा होता. वाचनालयाचं लांब टेबल घासूनपुसून तयार होतं, अंघोळ उरकून उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. आता लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा आणि पहिला हात द्यायचा. सगळा जन्म ह्यातच गेला होता. पण व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यापासून त्याने ही बाटली उघडली नव्हती. रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायचं काम धरलं होतं. काल मिस्त्रीने गळ घातली, "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही रे," आणि आज तो घरी न सांगताच इकडे आला होता.

घरी सांगणार कसं? तो परतला त्याच दिवशी बायको म्हणाली होती, "एकदा जरी वास आला ना, तरी पोरीला घेऊन भावाकडे जाईन. मग बोलवायला यायचं नाही." ती आदळआपट करणारी बाई नव्हती. म्हणून तर त्याला धास्ती होती.

त्याने बूच काढलं.

वास भपकन नाकात शिरला. एकदा दारू मिळाली नाही तेव्हा त्याने हीच बाटली तोंडाला लावली होती आणि मग दोन दिवस डोळ्यांपुढे नुसतं धुकं. तरीही आत्ता जिभेला पाणी सुटलंच. शरीराला लाज म्हणून नसते.

"आलोच," म्हणत तो मागच्या अंगणात गेला.

केंद्रातल्या बाई सांगायच्या, "ओढ आली की तिच्याशी भांडू नका. आगंतुक पाहुणी समजा. बसू द्या तिला. फक्त चहा विचारू नका. तुम्ही आपलं झाडाकडे बघा, श्वासाकडे बघा." सगळे हसायचे. तिथे आवारात तुती होती. पानं त्याला दिसायची, श्वास काही सापडायचा नाही. शोधायला जावं तर छातीच धडधडायची. मग एका दुपारी तुतीची पानं सळसळली आणि आई फाटकं शिवताना गुणगुणायची ती ओळ त्याच्या ओठांवर आली.

हळू हळू गं सुई, घाई नको टाक्याला
उसवलं ते शिवू, दिस आहे हाताला

त्या ओळीच्या मागोमाग श्वास आपसूक आला होता, आईच्या पदराला धरून लेकरू यावं तसा.

अंगणातल्या झाडाच्या सालीवर त्याने तळवा टेकला. मुंग्या वर चालल्या होत्या. एक त्याच्या बोटापाशी अडखळली, मिशा हलवून विचार केला आणि बोट ओलांडून गेली. तो गुणगुणत राहिला. बऱ्याच वेळाने पाहुणी उठली.

"झालं झाडाशी बोलून?" मिस्त्रीने विचारलं.

"झालं."

"काय म्हणालं?"

"कामाला लाग म्हणालं."

बोळा गोल गोल फिरू लागला. ओळ मनात, हात लाकडावर. मधेमधे पाहुणी आली, तसा तो झाडापाशी जाऊन आला. उन्हं कलती झाली तेव्हा लाकडाच्या पोटातल्या रेषा उजेडात वर आल्या होत्या आणि त्याच्या लक्षात आलं, वास येतच नाहीये. त्याने बोळा नाकाशी नेला. काही नाही.

"अरे, वास गेला!" तो मिस्त्रीला म्हणाला.

"तुझं डोकं गेलंय," मिस्त्री म्हणाला आणि शिंकला.

साबणाने हात-तोंड धुऊन तो घरी निघाला. अंग मोडून आलं होतं, पण पाऊल हलकं पडत होतं. आज सगळं सांगायचं, असं घोकत तो पायरी चढला.

बायको दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"आत जा गं," ती मुलीला म्हणाली.

मुलीने बापाकडे पाहिलं. काही दिसत नसल्यासारखा चेहरा करायला ती फार लहानपणी शिकली होती. तोच चेहरा करून ती आत गेली. तेव्हा त्याला कळलं. वास गेला होता तो फक्त त्याच्या नाकातून. शर्टात, केसांत, नखांत तो तसाच मुरलेला होता.

मी घेतली नाही, असं म्हणावं, तर हे वाक्य त्याने दारू घेतलेली असताना वर्षानुवर्षं वापरलेलं. कामाचा वास आहे, म्हणावं, तर तेही. खरं बोलायची वेळ आली आणि घरात एक शब्द धड उरलेला नव्हता.

बायको आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

तो पायरीवर बसला. शेजारी पॉलिशच्या रिकाम्या डब्यात केंद्रातून आणलेली तुतीची फांदी लावली होती. तिला नवं पान फुटू घातलं होतं, अजून मूठ मिटलेली. तो त्याच्याकडे बघत राहिला. आता पाहुणी नव्हती, ओळही आठवत नव्हती. नुसता थकवा होता.

बायको उंबऱ्याशी आली. हातात भरलेली पिशवी. "काहीच बोलणार नाही?"

"बोलून बोलून संपवलंय मीच." मग तो म्हणाला, "वाचनालयाचं टेबल करायला गेलो होतो. सांगून गेलो नाही, ते चुकलं. दुसरा हात उद्या द्यायचाय. बाकी तूच बघ."

पूर्वी ती जवळ आली की तो तोंड फिरवायचा. आता त्याने मान वर केली आणि आ केला. समोरच्या गॅलरीत शेजारीण दोरीवरचे कपडे काढता काढता थबकली. थबकू दे.

बायको वाकली. त्याच्या तोंडाचा वास घेतला. थोडं थांबून पुन्हा घेतला.

"शर्ट बाहेरच काढायचा," ती हळू म्हणाली. "आणि रोज आलात की आधी हे. मी आत असले तरी हाक मारायची."

त्याने मान हलवली.

हातातली पिशवी तिने अजून खाली ठेवली नव्हती, आणि त्यानेही तोंड मिटलं नव्हतं.