न फुटणारा डबा

मनकर्णाबाईंची बरणी एस.टी.त फुटली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खामगावहून मेहकरला लेकीकडे जाताना बस खड्ड्यात आदळली, चिनी मातीची बरणी सीटवरून खाली पडली आणि लोणच्याचं तेल एका गुरुजींच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. कंडक्टर तेव्हा जे बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी त्या दिवसापासून बरणीचं नावच टाकलं.

पुढच्या वर्षी डबा सापडला. सापडला कसला, घरातच होता! पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं कीडनाशक औषध ज्यात येई, तो रुंद तोंडाचा पांढरा प्लास्टिकचा डबा. औषध संपलं तरी गावात कुणी तो फेकत नसे. कुणी त्यात गोडेतेल ठेवी, कुणी वावरात प्यायचं पाणी नेई. आपण माणसं मोठी चतुर! फुकटचं, हलकं, न फुटणारं भांडं मिळालं की त्यात आधी काय होतं हे विचारतो कोण?

त्या वर्षी त्यांची लेक कोकिळा सहा महिन्यांची गरोदर होती. तिचा निरोप आला, "माय, तोंडाले चव नाही. तुह्या हातचं लोनचं धाड."

बाईंनी डबा राखेनं तीनदा घासला, साबणानं धुतला, आठ दिवस उन्हात ठेवला. तरी मनात शंका आलीच. नवरा पुंजाजी म्हणाला, "आता काय राह्यलं त्याच्यात? धुतल्यावर सारं जाते." मग आंब्याच्या फोडी भरल्या, वरून तेल ओतलं. डबा मेहकरला धडधाकट पोचला आणि बाई समाधानानं झोपल्या.

महिन्याभरानं दुसरा निरोप आला. कोकिळेला उलट्या होत होत्या, हात थरथरत होते, भोवळ येत होती. बाई मिळेल त्या बसनं धावल्या. लेक ओळखू येत नव्हती. विहीण बनाबाई रडकुंडीला आली होती. "डाक्टर झाले, अंगारा झाला, उतारा झाला. आता काय करावं मानसानं, तुम्हीच सांगा!"

कोकिळा अन्नाला शिवत नव्हती. भाकरीच्या तुकड्याला लोणच्याचा खार लावला तरच तोंड उघडत होती. मग आईनं तेच केलं. "खाय व माय, दोन घास खाय. पोटातल्यासाठी तरी खाय," असं म्हणत दोन्ही वेळा ती भरवत राहिली. घास गेला की तिच्या जिवाला बरं वाटे. पाच दिवस असे गेले. लेक दिवसेंदिवस खंगत होती आणि आई देवाला विचारत होती, माझं काय चुकलं? उत्तर लेकीच्या उशाशीच झाकण लावून ठेवलेलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी गल्लीत रहेमतुल्ला कल्हईवाल्याची हाक आली. बनाबाईंनी त्याला पितळेची पातेली दिली. ओसरीवर भाता लावता लावता म्हाताऱ्याची नजर आत गेली. मनकर्णाबाई डब्यातून फोड काढत होत्या.

"बाई, या डब्यात आधी काय होतं?"

"तुमाले काय करनं चाचा? घासून धुतला म्या."

"पितळेत ताक ठेवलं तं काय होते?"

"कळकते."

"काऊन कळकते? भांडं तं तुम्ही रोज घासता. आंबट चीज भांड्याचा गुन ओढून घेते, म्हनून कल्हई लावा लागते. मंग हे लोनचं, आंबट बी अन् तेलाचं बी, या डब्याचा गुन ओढनार नाही का?"

बाईंचा संताप झाला. लेक मरायला टेकलेली आणि हा भांड्यांचे धडे देतो! "पिलास्टिक आल्यापासून तुमचा धंदा बसला, म्हनून बोलता तुम्ही!"

"धंदा तं बसलाच, बहेन," रहेमतुल्ला शांतपणे म्हणाला. "आजची कल्हई फुकट करून देतो. पन एक डाव ते झाकन पुसून नाकाशी धरा."

त्याला गप्प करायला म्हणून बाईंनी झाकण पदरानं पुसलं आणि हुंगलं. आधी मोहरी, मग हिंग. आणि त्याच्यामागे आणखी एक वास! फवारणी करून आलेल्या पुंजाजीच्या सदऱ्याला येणारा. बाई तो सदरा घरात घेत नसत, बाहेरच भिजवत.

"अरे देवा! म्या माह्या हातानं चारलं!"

डबा आणि लेक दोन्ही घेऊन सारे सरकारी दवाखान्यात धावले. डबा पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. औषध प्लास्टिकात मुरतं, धुऊन जात नाही, तेलात हळूहळू उतरतं, असं ते म्हणाले. आता इलाज सापडला होता. कोकिळा वाचली. बाळ वाचलं नाही.

गावी परतल्यावर मनकर्णाबाईंनी आधी आपल्या घरातले तसले डबे बाहेर काढले. मग त्या घरोघर गेल्या. कुणाच्या तेलाचा, कुणाच्या पाण्याचा, सगळे डबे अंगणात आणवले आणि पुंजाजीला प्रत्येकाला भोक पाडायला लावलं. भोकं पाडलेले डबे वावराच्या कडेला खोल खड्ड्यात पुरले. काही बायका कुरकुरल्या. "मंग तेल कशात ठेवा?" बाई म्हणाल्या, "बरनीत ठेवा, कल्हईच्या भांड्यात ठेवा, पानी मडक्यात ठेवा. माही लेक पाहून या आधी, मंग बोला."

वाचकहो, आपल्याही फडताळात असा एखादा डबा असेल. तो ज्या कामासाठी बनला नाही, त्या कामाला लावू नका. अन्नाला अन्नाचंच भांडं हवं, आणि जे फुटत नाही ते चांगलंच असतं असं नाही!

पुढच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई मेहकरच्या बसमध्ये बसल्या. गोधडीत गुंडाळलेली नवी बरणी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठेवा ते."

"नाही बाप्पा, मांडीवरच राहू दे. फुटली तं लोनचं जाईन. तेवढंच जाईन."