घरच्यांसाठी राखलेलं तेल

मित्रांनो, मी वैशाखऱ्याच्या नाक्यावरची जुनी लोखंडी कढई आहे. मुरबाडच्या एका लोहाराने पत्रा ठोकून मला घडवलं आणि नाक्यावर भजी तळणाऱ्या नथूने पारखून घेतलं. पारखून म्हणजे टिचकी मारून आवाज ऐकला आणि माझ्यात नसलेले दोष लोहाराला सांगितले. माणसं ओळखायला मी तिथेच शिकले.

माळशेज घाटाकडे जाणाऱ्या गाड्या नथूच्या भज्यांसाठी थांबत. रोज सकाळी माझ्यात ताजं तेल पडे. गिऱ्हाइकाला कालचं तेल नाय, असं तो ऐटीत सांगे. लोक त्याची सचोटी वाखाणत आणि वर एक भजं फुकट मागत.

मग दिवसभर तापून काळं पडलेलं तेल कुठे जाई? ते टाकणं म्हणजे पाप! संध्याकाळी ते डब्यात गाळून घरी जाई. कालवण त्यातच, सुके बोंबील त्यातच, उरलं तर परवा पुन्हा चुलीवर. तेलाला वास येतो, असं त्याची बायको सावळी एकदा बोलली. तेव्हा नथू हसून म्हणाला, "घरात कोन परका जेवतो गो?"

गावाला काळजी होती ती नथूचं रोजचं गिऱ्हाईक असलेल्या कोंडूशेठच्या हृदयाची. त्याचं पोट आधी दुकानात येई, मागून तो. नथू मात्र काडीसारखा. विडी नाही, दारू नाही. शेठ, जपा, असं उलट तोच कोंडूशेठला चिडवी.

आणि एका सकाळी पीठ कालवता कालवता नथूचा हात छातीवर गेला. अंगाला दरदरून घाम फुटला, दुसऱ्या हातातला झारा माझ्या काठावर आपटून खाली पडला. त्याला उचलून जीपमध्ये घातलं ते कोंडूशेठनेच. मी चुलीवर तशीच तापत राहिले. यमाचा पत्ता चुकला, असंच साऱ्या नाक्याला वाटलं.

नथू कल्याणच्या दवाखान्यात होता. सावळी दुकान आवरायला आली, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं तिने कोंडूशेठला सांगितलं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडतं. असलं खाणं रक्तातलं कोलेस्टेरॉलही बिघडवू शकतं. त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. बिघडलेलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं, तिथल्या पेशी ते गिळून फुगतात, थर चढतो. थर फुटला की गुठळी होते आणि रक्ताची वाट बंद. माणूस बारीक असला तरीही. हे एकच कारण नसेल, पण हे तुमच्या हातातलं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

ऐकून कोंडूशेठ खाली बसला. मी माझा काठ पाहिला. तिथे चिकट, तपकिरी पुटं होती, खरवडूनही न निघणारी. असलं काही माणसाच्या आत?

नथू वाचला. अशक्त होऊन गल्ल्यावर बसू लागला. पहिल्याच संध्याकाळी त्याने सवयीने तेलाचा डबा उचलला. सावळीने तो हातातून काढून घेतला.

"हे बैलगाडीच्या आसाला वंगण."

"अगो, अजून चांगलं हाय ते."

"आस झिजला तं नवा घालता येतो. तुमी कुठून आनू?"

नथूने हळहळत डब्याकडे एकदा पाहिलं आणि गल्ला मोजायला घेतला.

मित्रांनो, पाहुण्याला ताजं वाढता, ते वाढाच. पण काळं पडलेलं तेल घरच्यांच्या ताटात जिरवू नका. टाकलेल्या तेलाची हळहळ दोन दिवसांत ओसरते, हे मी नथूच्या तोंडावर पाहिलं आहे.